साखरवेळचे त्रेचाळीस खुंट

विलीनीकरणातून टिपणीस साहेबांच्या पदरात काय काय पडणार, हे मी त्यांच्यासमोर बसून, त्यांचाच मजकूर उतरवून घेता घेता मोजलं होतं. उपमहासंचालक ही पाटी. मुंबईत समुद्र दिसणारी खोली, म्हणजे ज्या समुद्राची कागदपत्रं एकोणीस वर्षं सांभाळली तो एकदाचा खिडकीतून बघण्याची सोय. ड्रायव्हरसकट गाडी. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे वहिनींचं तोंड बंद होणार होतं. वहिनींचे धाकटे भाऊ मंत्रालयात उपसचिव होते आणि ही गोष्ट टिपणीसांच्या घरी मिठासारखी रोजच्या जेवणात असायची.

‘‘साखरवेळ ते बुरुजखडी, किनाऱ्यापासून सात मैल,’’ साहेब खिडकीकडे तोंड करून सांगत होते. ‘‘स्थिर जाळी, निरंक. जाळ्यांचे खुंट, निरंक. पारंपरिक जागा, निरंक. घेतलंत?’’

‘‘घेतलं.’’

‘‘राऊळबाई, निरंक इतका देखणा शब्द सरकारी भाषेत दुसरा नाही. ना त्याला जोडपत्र लागत, ना खुलासा.’’

एकोणीस मार्च होता, मंगळवार. तेव्हा देशाच्या किनाऱ्यावर पाच मत्स्य मंडळं होती. आमचं मध्य किनारा मंडळ त्यातलं सगळ्यात लहान. एक इमारत, सव्वीस माणसं, एक लाँच, तीही आजारी. ही पाचही मंडळं मोडून सगळ्या किनाऱ्याचं एकच राष्ट्रीय प्राधिकरण होणार होतं. त्यासाठी तारीख निवडली होती एक एप्रिल. ती कोणी निवडली कोण जाणे, पण निवडताना तो हसला नसेल असं मला वाटत नाही.

विलीनीकरणाच्या आदेशात एक कलम होतं. मंडळ बंद होईल त्या दिवशी त्याच्या नोंदवहीत जे हक्क लिहिलेले असतील ते नवं प्राधिकरण जसेच्या तसे मानील. जे लिहिलेले नसतील, ते नव्हतेच असं समजलं जाईल आणि तेवढा समुद्र खुला पट्टा म्हणून कोणालाही देता येईल. खुला पट्टा म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींना रान मोकळं.

आणि एक गोष्ट कलमात नव्हती, पण पाचही कचेऱ्यांतल्या शिपायांनासुद्धा ठाऊक होती. जे मंडळ आपली नोंदवही सगळ्यांत आधी आणि स्वच्छ सोपवील, त्याचा संचालक पश्चिम किनाऱ्याचा उपमहासंचालक होणार. चार मंडळांच्या वह्या अजून अडकलेल्या होत्या. आमच्या वहीत शेवटचं पान राहिलं होतं, आणि ते होतं साखरवेळचं.

माझंही त्यात काही होतं, ते लपवत नाही. साहेब वर गेले की मला अधीक्षक म्हणून सोबत नेणार होते. अकरा वर्षं मी वरिष्ठ लिपिक होते. वरिष्ठ हा शब्द अकरा वर्षांनी माणसाला चिडवायला लागतो.

मी ते पान टाइप करत होते तेव्हा चांगुणाबाय आत आली. साखरवेळच्या कोळीवाड्यातली ही नाखवीण. नवरा वारल्यावर होडीचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी ती दोन वर्षं आमच्याकडे खेपा घालत होती, आणि प्रत्येक खेपेला आमच्यातल्या एकेकाची अब्रू काढून जात होती. त्या दिवशी तिनं टेबलावर पसरलेला नकाशा पाहिला. साखरवेळच्या पुढ्यातला समुद्र नुसता निळा होता. उत्तरेला, दक्षिणेला लाल ठिपके, आणि मध्ये कोरं.

‘‘आन् आमचा कंय गेला गो बाय?’’

‘‘काय?’’

‘‘आमचं खुंट. तेचालीस हायेत. माज्या सासऱ्याच्या सासऱ्यानं ठोकलेलं हाय त्यातला एक.’’

‘‘पाहणी झाली, चांगुणाबाय. लाँच गेली होती, मोठे साहेब गेले होते. तिथं काहीच सापडलं नाही.’’

‘‘कवा गेलती?’’

‘‘वीस आणि एकवीस फेब्रुवारी.’’

तिनं पदराच्या टोकाशी बोटं मोजली. तिच्या बोटांवर महिने नव्हते, तिथी होत्या. मोजता मोजता ती हसायला लागली, आणि मग हसू मध्येच थांबलं.

‘‘अष्टमी न् नवमी. अगो, भांग व्हता तवा!’’

हे मला वीस वर्षं मत्स्य मंडळात काढूनही माहीत नव्हतं, म्हणून सांगते. साखरवेळला डोलजाळं चालतं. समुद्राच्या तळाशी ताडाएवढाले खुंट ठोकलेले असतात, त्यांना दोर, आणि दोराला भल्यामोठ्या पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनं जाळं फुगतं आणि मासळी आपण होऊन आत येते. पण ओढ हवी. ती असते अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणात. अष्टमीच्या आसपास समुद्र मेल्यासारखा पडतो, त्याला भांग म्हणतात. भांगात सगळी जाळी किनाऱ्यावर वाळत असतात. दोरावरचे तरंगते पिंपही काढून घेतात, नाहीतर कोणी कापून नेतं. दोर तळाला जातात. वर राहतं फक्त पाणी.

‘‘आमी घरा नसताव तवा तुमी आयलाव,’’ चांगुणाबाय म्हणाली, ‘‘न् लिवून गेलाव कं घरच नाय. कोनी काढली ती तारीख?’’

‘‘कचेरीनं,’’ मी म्हणाले.

‘‘कचेरीच्या भिंतीवर पंचांग नाय?’’

‘‘सुट्ट्यांची यादी आहे.’’

‘‘बस मंग,’’ ती म्हणाली. परवान्याचा कागद तिनं तसाच टेबलावर टाकला आणि खुर्ची ओढून बसली. त्या खुर्चीत ती आजवर कधी बसली नव्हती. ‘‘आता बोल, काय करताव?’’

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला. टिपणीस विचार करत असले की चष्मा पुसतात आणि टाळत असले तरी पुसतात, त्यामुळे त्यांच्या चष्म्यावरून काही कळत नसे.

‘‘फेरपाहणी आपल्या हातात नाही. प्राधिकरणाचा अधिकारी यावा लागतो. नंबियार. तो कोचीहून येणार.’’

‘‘बोलवायचा.’’

‘‘पुढचं उधाण कधी?’’

मी आता कॅलेंडर घेऊनच गेले होते. ‘‘अठ्ठावीसला, गुरुवारी पौर्णिमा. त्यापुढची अमावास्या एप्रिलमध्ये. एकतीसला रविवार, म्हणजे वही शनिवारी तीसला बंद.’’

‘‘अठ्ठावीसला होळी आहे, राऊळबाई.’’

‘‘हो.’’

‘‘आणि दक्षिण किनाऱ्याची वही या शुक्रवारी जातेय, असं ऐकतो.’’ ते परत खिडकीकडे वळले. ‘‘बघू.’’

सरकारी नोकरीत ‘बघू’चा अर्थ मला शिकवायला नको. मी बाहेर आले, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. प्राधिकरणाला पत्र लिहिलं. स्थानिकांच्या विनंतीवरून साखरवेळची फेरपाहणी अठ्ठावीस मार्चला व्हावी, एवढंच. त्यात दोष कुणाला दिला नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे साहेबांचं लक्ष पाच चाळीसच्या एस.टी.कडे लागलेलं असतं तेव्हा, सहीच्या फाइलमध्ये दोन रजेचे अर्ज आणि टेलिफोनचं बिल यांच्या मध्ये ते सारलं. दारातून बघत उभी राहिले. पेन चालत होतं नेहमीसारखं, सरसर.

‘‘फाइल राहू दे इथेच,’’ साहेब मान वर न करता म्हणाले. ‘‘सावंताबरोबर पाठवतो आवकजावकला.’’

देव पावला असं मला वाटलं. सावंत शिपाई वाचत नसे. दुसऱ्या दिवशी मी जावक नोंदवहीत पत्राचा क्रमांक बघितला आणि मूळ पत्र पुन्हा बघायला मागितलंसुद्धा नाही. शुक्रवारी उत्तर आलं. नंबियार येताहेत. अठ्ठावीस मार्च, दुपारी.

साहेबांनी ते उत्तर वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘आश्चर्य आहे.’’

त्याच शुक्रवारी दक्षिण किनाऱ्याची वही गेली. मी मनातल्या हिशेबात टिपणिसांच्या नावापुढची समुद्र दिसणारी खोली खोडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या खोलीशेजारी माझीही एक छोटी खोली होती.

शनिवारी मी साखरवेळला गेले. चावडीवर पंच बसले होते. त्यांचा मुख्य हसुराम नाखवा, पंच्याहत्तरीचा, कानात सोन्याचा कुडा, आवाज असा की लाटेवरून पलीकडे ऐकू जावा. मी तारीख सांगितली आणि सगळी चावडी माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी कोणाच्या तरी मरणाची बातमी आणली होती.

‘‘हावलूबायच्या दिशी?’’ हसुराम म्हणाला. कोळी होळीला हावलूबाय म्हणतात. ती त्यांची लेक आहे, सण नव्हे. ‘‘त्या दिशी दर्यान जालं नाय टाकत, बाई. माज्या बापानं नाय टाकलं, आज्यानं नाय टाकलं.’’

‘‘नाखवा, एक दिवस. तो अधिकारी पुन्हा येणार नाही.’’

‘‘नको येऊ दे.’’

‘‘मग खुंट जातील.’’

‘‘खुंट कंय जातंय? तलाशी हाय तो.’’

‘‘तळाशी राहील, पण तुमचा राहणार नाही. त्यावर मोठ्या बोटी फिरतील आणि तुम्ही तक्रार करायला गेलात की तुम्हाला कागद दाखवतील.’’

एक तरणा कोळी उठला. ‘‘टाकू ना जालं, हसूकाका! खुंटच नाय ऱ्हायला तर हावलूबायला काय सांगशील?’’

‘‘तू बस रं! लगीन झालं नाय अजून, न् माना शिकवतंय.’’

दोन बाजू पडल्या. अर्धा तास चावडीवर असा गलका झाला की मला माझंच बोलणं ऐकू येईना. बायका पायरीवर बसून ऐकत होत्या. पंचांत बोलायचा त्यांचा रिवाज नव्हता. पण रिवाज हा पुरुषांनी पाळायचा असतो असं चांगुणाबायचं मत होतं. ती खालूनच ओरडली,

‘‘जालं नको टाकू, हसुभावजी. होड्या तं फिरतंय ना त्या दिशी?’’

गलका थांबला.

‘‘सजवलेली होडी घेऊन आपून जाताव कं नाय दर्यान? बायकापोरं सगली? वरसाचा एकच दिस तुमी आमाला होडीन घेताव. मंग ती होडी बंदराशीच कशाला फिरवाची? आपापल्या खुंटावर नेऊन उबी करा. दोर बांदा. जालं नाय, कोलंबीची मिशीसुदिक नाय. नुसता उबा ऱ्हावाचा.’’

हसुरामनं कानातला कुडा फिरवला.

‘‘दोर आदल्या दिशी वर काढावं लागतील. तलाशी हायेत.’’

‘‘काढा. आदला दिस काय हावलूबायचा नाय.’’

‘‘तुज्या नवऱ्याला तू अशीच बोलायचीस?’’

‘‘तो ऐकायचा,’’ चांगुणाबाय म्हणाली, आणि सगळी चावडी हसली. पंचांचा निर्णय तेव्हाच झाला, लिहायचा फक्त राहिला.

अठ्ठावीस तारखेला दुपारी दीड वाजता आमची लाँच धक्क्यावरून निघाली. नंबियार साहेब उंच, कपाळाला गंध, हातात उपग्रहावरून जागा सांगणारं छोटं यंत्र. ते आमच्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं. टिपणीस साहेब बूट, छत्री आणि मफलरसह. कोकणातल्या मार्चमध्ये मफलर कशाला, ते त्यांनाच माहीत. मी साडीचा काष्टा मारल्यासारखा पदर खोचून बसले. चालवायला मेकॅनिक दळवी, जो त्या इंजिनाशी गेली सहा वर्षं संसार करत होता आणि तसाच भांडतही होता.

बुरुजखडीला वळसा घातला आणि समोर साखरवेळचा समुद्र उघडला.

मी कचेरीत वीस वर्षं तो निळ्या रंगात बघितला होता. त्या दिवशी त्यावर त्रेचाळीस होड्या होत्या. काठीला पताका, नाळेला म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला हार, शिडाच्या दोरीवर घरातल्या बायकांची लाल-पिवळी-हिरवी लुगडी फडफडत होती. प्रत्येक होडीत माणसं गच्च. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, नवऱ्या मुली, ढोलकी. मधली अंतरं एकसारखी, रांगा सरळ, जशी कोणी दोरी धरून उभी केली होती. गाणं एका होडीतून उठायचं आणि दुसरीत जाऊन संपायचं.

नंबियारांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो प्रेक्षकाचा.

‘‘ये तो मेला है, मॅडम. बहुत सुंदर. लेकिन मेले में नाव कहीं भी खडी हो सकती है.’’

‘‘सब अपने अपने खुंटे पर हैं, साहब.’’

‘‘मुझे खुंटा दिखाइए.’’

खुंट चौदा वाव, म्हणजे ऐंशीएक फूट पाण्याखाली होता. मी टिपणीसांकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला.

नंबियार प्रामाणिक माणूस होते, हे मी तेव्हाही मान्य केलं. मोजायचं तर नीट, म्हणून त्यांनी लाँच रांगेच्या मधोमध नेऊन नांगर टाकायला लावला. इंजिन बंद, म्हणजे यंत्राचा आकडा स्थिर येईल. तीन वाजायला आले होते. पौर्णिमेची ओहोटी लागलेली. पाणी वरून शांत होतं, पण लाँचच्या बाजूनं ते जसं वाहत होतं, तसं मी कधी नदीतही पाहिलं नव्हतं.

‘‘नंबर बदल रहा है,’’ नंबियार यंत्राकडे बघत म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘अभी भी बदल रहा है.’’

‘‘नांगर घसरतोय,’’ दळवी म्हणाला.

त्यानं इंजिन चालू केलं. म्हणजे करायचा प्रयत्न केला. इंजिन खोकलं, थुंकलं आणि गप्प झालं. दळवीनं त्याला एक शिवी दिली, एक लाथ दिली, मग देवाचं नाव घेतलं. इंजिनाला तिन्ही सारखेच. दक्षिणेला कासवखडकाच्या काळ्या पाठी पाण्यातून वर यायला लागल्या होत्या, ओहोटीत येतात तशा, आणि त्या दर मिनिटाला मोठ्या होत होत्या.

टिपणीस साहेबांनी छत्री उघडली. का, ते आजपर्यंत मला कळलं नाही.

‘‘दोर! दोर झेला, सायेब!’’

आम्ही चांगुणाबायच्या होडीजवळून वाहत चाललो होतो. ती नाळेवर उभी होती, हिरवं लुगडं, डोक्यात अबोली, हातात दोराचं वेटोळं. तिनं फेकलं. दोर नंबियारांच्या खांद्यावर पडला. त्यांची टोपी उडून पाण्यात गेली, पण दोर त्यांनी सोडला नाही. दळवीनं झडप घालून तो कड्याला बांधला. लाँचनं हिसका दिला. दोर ताणला गेला, करकरला, त्यातून पाणी पिळून निघालं.

आणि आम्ही थांबलो.

समुद्र आमच्या दोन्ही बाजूंनी धावत होता. त्यात आमची सात टनांची सरकारी लाँच, बावीस माणसं बसलेली सजवलेली होडी, तिच्या नाळेतून तळाला गेलेला दोर, आणि दोराच्या टोकाला, कोणाला न दिसणारा, चांगुणाबायच्या सासऱ्याच्या सासऱ्यानं ठोकलेला तो खुंट. सगळं त्यावर लटकलं होतं.

नंबियार यंत्राकडे बघत होते. एक मिनिट. पाच मिनिटं. आकडा हलला नाही.

‘‘कितना गहरा गाडते हैं?’’ त्यांनी ओरडून विचारलं.

‘‘चार वाव तलान!’’ शेजारच्या होडीतून हसुराम नाखवा गरजला. ‘‘आता तुमी टांगलाव, त्यो तं त्यातला बारका हाय!’’

एकच हशा उठला. तो होडीहोडीनं पुढे गेला, कारण पलीकडच्यांना आधी विनोद सांगावा लागत होता, आणि मग पुन्हा परत आला. नंबियारांना मराठी येत नव्हतं, पण ते हसले. मग त्यांनी नकाशा मांडीवर घेतला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि कोऱ्या निळ्यावर पहिला लाल ठिपका दिला. बाजूला आकडे लिहिले. विचारलं, नाव काय?

‘‘चांगुणा कमळाकर कोळी,’’ ती म्हणाली. ‘‘माज्या नावानं लिव. त्याच्या नाय, मेला त्यो.’’

मला वाटतं, तिच्या परवान्याचं काम दोन वर्षांत जे झालं नव्हतं, ते तिथं, त्या एका वाक्यात झालं.

अर्ध्या तासानं दळवीच्या इंजिनाला उपरती झाली. आम्ही होडी होडी करत फिरलो. प्रत्येक होडीपाशी नंबियार दोराला हात लावून बघत, ताण जोखत, आकडा घेत, नाव लिहीत. प्रत्येक होडीतून त्यांना काही ना काही खायला मिळालं, आणि कोणी तरी त्यांच्या उघड्या डोक्यावर गुलाल टाकला. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळिसाव्या होडीत हसुरामची नव्वदीची बहीण होती. तिनं नंबियारांचा हात धरला आणि त्यांच्याशी पाच मिनिटं बोलली. ते तिच्याशी मल्याळममध्ये बोलले. काय बोलले, दोघांनाच ठाऊक. पण दोघं एकमेकांना मान हलवून दुजोरा देत होती.

‘‘त्रेचाळीस,’’ मी मोठ्यानं म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ढोलक्या सुरू झाल्या. समुद्रावर ढोलकी वाजली की ती कुठून येते ते कळत नाही; सगळीकडून येते. टिपणीस साहेब लाँचच्या कठड्याला धरून उभे होते, गुलालानं मफलर लाल झालेला, आणि ते चक्क ताल धरत होते, छत्रीनं.

परतताना मी नंबियारांच्या शेजारी बसले. विजयाच्या भरात माणूस बोलतो. मी म्हणाले, ‘‘तुम्ही आलात हे फार झालं. आमच्या पत्रावर फेरपाहणी मिळेल, असं वाटलं नव्हतं.’’

‘‘तुमच्या पत्रावर मिळाली नसती,’’ ते त्यांच्या हिंदीत म्हणाले. ‘‘नियम असा आहे की आधीची पाहणी चुकली, असं मंडळानं लेखी कबूल केलं तरच आम्ही पुन्हा येतो. नुसत्या विनंतीवर आम्ही येत नाही. तुमच्या संचालकांनी ते लिहिलं, म्हणून आलो.’’

‘‘काय लिहिलं?’’

त्यांनी फाइल उघडली. माझं पत्र होतं. माझा टाइप, माझी मांडणी. खाली टिपणिसांची सही. आणि सहीच्या खाली, त्यांच्या त्या बारीक तिरप्या अक्षरांत, इंग्रजीत तीन ओळी. फेब्रुवारीतली पाहणी भांगाच्या दिवसांत झाल्यामुळे ती व्यर्थ आहे. ती तारीख मी स्वतः निश्चित केली होती आणि ही चूक सर्वस्वी माझी आहे. अठ्ठावीस मार्चला दुपारी तीनच्या ओहोटीला यावे. मी जातीने लाँचवर हजर राहीन.

मी त्या ओळी दोनदा वाचल्या.

ती तारीख त्यांनी निश्चित केली नव्हती. मी केली होती. फेब्रुवारीचा पाहणीचा कार्यक्रम मी आखला होता, सुट्ट्यांची यादी समोर ठेवून. वीस आणि एकवीस, कारण बुधवार आणि गुरुवार, मध्ये सुट्टी नाही, प्रवासभत्त्याला सोयीचं. त्या कागदावर कार्यक्रम तयार करणार म्हणून माझी आद्याक्षरं होती. चांगुणाबायनं विचारलं तेव्हा मी ‘कचेरीनं’ म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. कचेरी म्हणजे मीच होते.

मी उठून कठड्यापाशी गेले.

‘‘साहेब, तुम्ही ते पत्र वाचलं होतंत.’’

‘‘रजेचा अर्ज आणि टेलिफोनचं बिल यांच्या मध्ये?’’ टिपणीस म्हणाले. ‘‘राऊळबाई, मीही लिपिक म्हणूनच लागलो होतो. ती जागा आमच्या वेळेपासून आहे.’’

‘‘तारीख माझी होती.’’

‘‘तुम्ही कबूल केली असतीत तर चौकशी, मग लिपिकाचा खुलासा, मग टिपणी, मग एप्रिल. संचालकानं कबूल केली की तारेनं उत्तर येतं.’’ त्यांनी मफलर झटकला. ‘‘शिवाय तुम्ही इतक्या हुशारीनं मला फसवत होतात, की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.’’

शनिवारी तीस तारखेला मी त्रेचाळीस नावं नोंदवहीत चढवली. एकेक करून, खाडाखोड नाही. त्यात अकरा बायकांची होती. संध्याकाळी पावणेसहाला साहेबांनी शेवटची सही केली आणि मध्य किनारा मत्स्य मंडळ संपलं. आजही त्या जागांवर साखरवेळच्याच होड्या उभ्या राहतात. मध्ये एका मोठ्या कंपनीनं तो पट्टा मागितला होता. प्राधिकरणानं आमच्या वहीच्या पानाची प्रत जोडून तो अर्ज परत पाठवला.

आता बावीस वर्षांनी बसून मांडायचं, तर ते असं होतं. साखरवेळनं सणाची एक दुपार दिली आणि तळचा समुद्र राखला. नंबियारांची टोपी गेली. प्राधिकरणाला नकाशा बरोबर मिळाला, त्यासाठी त्याला काही मोजावं लागलं नाही. मी जूनमध्ये अधीक्षक झाले. माझ्या सेवापुस्तकात कुठेही डाग नव्हता, आणि नव्या साहेबांना माझी शिफारस कोणी केली होती, ते मी विचारलं नाही. टिपणिसांच्या सेवापुस्तकात त्यांच्याच हातच्या तीन ओळी लागल्या. त्यांना उपमहासंचालकपद मिळालं नाही. भंडाऱ्याला तलावांवर पाठवलं, समुद्रापासून जितकं लांब पाठवता येतं तितकं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. वहिनी त्यांच्याशी बराच काळ बोलल्या नाहीत. जे मिळालं ते आम्हा सगळ्यांना मिळालं. त्याची किंमत त्या एकाच माणसानं मोजली, आणि माझ्या वाट्याचीही.